इंधन बदलले, इंजिनाचे काय?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कविता असाव्यात, एखादे प्रवासवर्णन असावे, हुंड्यावर नाही तर बेकारीवर पोटतिडकीने लिहिलेला एखादा लेख असावा. तेथे कार्बोरेटरचे आणि कॉम्प्रेशनचे काय काम? परंतु अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही उत्पादक आणि उपभोक्ता अशी दोन वेगळी माणसे शिकतो, आणि कोल्हारात ती दोन माणसे पुष्कळदा एकच असतात. जो शेतकरी हंगामात कारखान्याला ऊस घालतो, तोच संध्याकाळी मोटारसायकल घेऊन पंपावर उभा असतो. त्याच्या उसाच्या मळीचे नाही तर रसाचे इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळते, आणि लिटरला शंभराहून अधिक रुपये मोजून तो आपलाच माल परत विकत घेतो. असा फिरून दारी आलेला माल आपल्या गाडीला मानवतो की नाही, हा प्रश्न जेवढा यंत्रशास्त्राचा तेवढाच अर्थशास्त्राचाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपले कोल्हार हे रस्ते फुटण्याचे गाव. नगर-मनमाड रस्ता येथे प्रवरा ओलांडतो आणि येथूनच लोणी-संगमनेरमार्गे घोटीकडे जाणारा रस्ता निघतो. साहजिकच गावात गॅरेजे आली, टायरवाले आले, स्पेअरपार्टची दुकाने आली. गळिताच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या वेगवान गाड्या, हे येथले रोजचे दृश्य. दुसरीकडे ऊस आणि अल्कोहोल यांचे नाते या भागाला मुळीच नवे नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांत खेळले आणि उसाचे मळे उभे राहिले. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. श्रीरामपूरजवळचे टिळकनगर आणि कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी ही नावे घेतली की मळीपासून अल्कोहोल काढण्याची विद्या या जिल्ह्यात किती जुनी आहे, हे ध्यानात येते.

एवढेच नव्हे, तर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा अलीकडच्या काळातील पहिला सरकारी प्रयोगही आपल्या अंगणातच झाला. २००१ साली त्यासाठी देशात तीन ठिकाणे निवडली गेली: उत्तर प्रदेशातील आंवला, सांगली जिल्ह्यातील मिरज, आणि आपल्याच रस्त्याच्या उत्तर टोकाला असलेले मनमाड. आज आपण ज्यावर वाद घालतो त्याची चाचणी एकेकाळी कोल्हारच्या पुलावरून जाणाऱ्या रस्त्यालगतच झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

खरे तर कल्पना त्याहूनही जुनी. 'पॉवर अल्कोहोल'विषयी कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता. तो निरुपयोगी ठरून २००० साली रद्द झाला. २००३ च्या जानेवारीत नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली, परंतु लगोलग दुष्काळ पडला, ऊस आटला, मळी आटली आणि सक्तीही आटली. २०१३-१४ पर्यंत गाडी दीड टक्क्यावरच रेंगाळत होती. त्यानंतर मात्र तिने विलक्षण वेग घेतला. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झाले, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस आले, आणि पूर्वी २०३० साठी ठरवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ सालीच गाठले गेले. अकरा वर्षांत दीडाचे वीस टक्के! कोणत्याही सरकारी योजनेच्या इतिहासात हा वेग नवलाचाच म्हटला पाहिजे.

मात्र इंधन एवढ्या झपाट्याने बदलत असताना ते ज्यांच्या पोटात जायचे त्या इंजिनांना कोणी विचारले का? २०२५ च्या पावसाळ्यात देशभर यावरून गदारोळ उठला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. न्यायालयात वाद मिटला. गॅरेजमध्ये मिटला नाही. तेथे आजही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इथेनॉल म्हणजे इंजिनाचे वाटोळे. दुसरा म्हणतो, काहीएक होत नाही, सगळी ओरड खोटी. माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकाच कारणाने चुकतात. दोघेही फक्त इंधनाचा विचार करतात आणि जुळवणी विसरतात. इथेनॉल हे हलके इंधन नाही. ते वेगळे इंधन आहे. इंजिन त्याच्याशी जुळवले तर ते पेट्रोललाही मागे टाकते, आणि न जुळवता ओतले तर पैसाही जातो आणि पाणीही जाते. हे कसे, ते थोडे विस्ताराने पाहू.

प्रथम उष्णतेचा हिशेब. एक लिटर शुद्ध पेट्रोलमधील उष्णता शंभर धरली, तर एक लिटर इथेनॉलमध्ये ती सुमारे सहासष्ट भरते. आता वीस टक्के मिश्रणाचे गणित सातवीचा विद्यार्थीही करील: ऐंशी टक्के पेट्रोलचे ८०, आणि वीस टक्के इथेनॉलचे सुमारे १३, एकूण ९३. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानाने सात टक्के आणि दहा टक्के मिश्रणाच्या मानाने साडेतीन टक्के उष्णता प्रत्येक लिटरमागे कमी. ही कोणाची अफवा नव्हे, निसर्गाचा नियम आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही हेच मान्य केले आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के आणि तशाच दुचाकीत तीन ते चार टक्के घट येईल, परंतु दहा टक्क्यांसाठी बनलेली चारचाकी वीस टक्क्यांसाठी जुळवली तर घट एक ते दोन टक्क्यांवरच थांबेल, असे तो सांगतो. वाचकहो, या आकड्यांमधला फरक नीट पाहा. पंपावरचे इंधन तेच. एकीकडे सहा टक्के जातात, दुसरीकडे एक. मधली किंमत जुळवणीची आहे.

दुसरा हिशेब हवेचा. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला अवघी ९ किलो. कारण इथेनॉल आपला प्राणवायू स्वतःबरोबर घेऊन येते. त्याच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग प्राणवायूच असतो. म्हणून तेवढ्याच हवेत इंधन अधिक सोडावे लागते. वीस टक्के मिश्रणाला हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. इंजिन जुन्याच मापाने इंधन सोडत राहिले तर मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडू लागतो, इंजिन तापते आणि चढावर पिकप मरतो.

आता याच इथेनॉलची दुसरी बाजू. पेट्रोलची खडखडाट न करता दाब सहन करण्याची ताकद ऑक्टेन अंकाने मोजतात. आपल्याकडे साधे पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचे असे. वीस टक्के मिश्रणासाठी ९५ चे प्रमाण ठरले आहे, आणि निव्वळ इथेनॉल १०८ च्या घरात जाते. शिवाय ते थंडावा देते. सुई टोचण्यापूर्वी परिचारिका दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा जो गारवा वाटतो, तोच गारवा इंजिनात शिरणाऱ्या हवेला मिळतो. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता शोषून घेते. हवा गार झाली की ती दाट होते, सिलिंडरमध्ये अधिक मावते आणि इंजिन खडखडण्याचे भय दूर जाते.

म्हणूनच ज्यांना वेगाखेरीज दुसरे काही सुचत नाही ते शर्यतवाले इथेनॉलला नाके मुरडत नाहीत, उलट त्याच्या शोधात असतात. अमेरिकेतील सुप्रसिद्ध इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मालिकेतील गाड्या २००७ पासून इथेनॉलवर धावू लागल्या. ऑस्ट्रेलियातील सुपरकार्स मालिकेने २००९ पासून पंच्याऐंशी टक्के इथेनॉलचे इंधन स्वीकारले. ज्या द्रवाला आपल्याकडे 'गाडी मारणारे' म्हणतात, तोच द्रव तेथे गाड्यांना पळवतो. मग फरक कोठे आहे? फरक आहे तो फिटरच्या हातात.

वेगवान गाडी इथेनॉलवर आणायची तर काय काय करावे लागते, ते जरा पाहू. पहिले काम पोट मोठे करण्याचे. इंधन अधिक सोडायचे म्हणजे इंजेक्टर मोठे हवेत, टाकीतील पंप तेवढा जोर लावणारा हवा, जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर जेटचे भोक वाढवायला हवे. पंच्याऐंशी टक्क्यांच्या मिश्रणास साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे तीस टक्के तरी अधिक इंधन लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळेल. दुसरे काम घसा बदलण्याचे. साध्या रबराच्या नळ्या व वायसर इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. ॲल्युमिनियम, पितळ, जस्त यांना ते पाण्याच्या सोबतीने खाते. तेथे इथेनॉल सोसणारे रबर आणि लेप दिलेले भाग घालावे लागतात. तिसरे काम टायमिंगचे. इथेनॉल खडखडत नाही म्हणून ठिणगी थोडी आधी पाडता येते. चौथे आणि खरे काम कॉम्प्रेशनचे. साध्या पेट्रोल इंजिनात हे प्रमाण दहाच्या आसपास असते. केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनात ते बारा व त्यापुढे नेता येते, आणि टर्बो बसवलेल्या गाडीत हवेचा दाब वाढवता येतो. प्रमाण जितके वाढवाल तितके त्याच उष्णतेतून अधिक काम निघते. उष्णतेच्या हिशेबात जे हरवले होते, त्यातील काही येथे परत मिळते.

पाचवे काम मेंदूचे. आजच्या गाडीत इंजिनाला लागून एक छोटा संगणक असतो; गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. धुराड्यात बसवलेला संवेदक किती प्राणवायू उरला ते सांगतो आणि त्यावरून संगणक इंधन कमीजास्त करतो. थोडाबहुत फरक तो मुकाट्याने सांभाळतो. पण त्याच्या दुरुस्तीलाही मर्यादा असते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत पूर्ण रेस दिल्यावर तो संवेदकाकडे न पाहता ठरीव तक्त्यानेच चालतो. म्हणून जाणकार तो तक्ताच नव्याने लिहितात. त्याहून पुढची पायरी म्हणजे इंधनाच्या वाटेवरच इथेनॉलचे प्रमाण मोजणारा संवेदक बसवणे. मग दहा घाला, वीस घाला, पंच्याऐंशी घाला, इंजिन स्वतःच जुळवून घेते. अशा गाडीला 'फ्लेक्स-फ्युएल' म्हणतात.

आपल्या देशात हे होणे अशक्य नाही. २०१९ च्या जुलैमध्ये अपाची आरटीआर २०० ही शंभर टक्के इथेनॉलवर चालणारी मोटारसायकल महाराष्ट्रासह तीन राज्यांत विक्रीस आली होती. इनोव्हा हायक्रॉस या गाडीचा फ्लेक्स-फ्युएल नमुना ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत सादर झाला. परंतु शंभर टक्के इथेनॉल देणारे पंप उघडले ते मार्च २०२४ मध्ये, आणि तेही सुरुवातीस देशभरात १८३ ठिकाणी. मोटारसायकल आधी आणि तिचे खाद्य पाच वर्षांनी! लग्न आधी लावायचे आणि मुलगी मागाहून पाहायची, असाच हा प्रकार नव्हे काय?

आणि आमच्या गावातील गाड्यांचे काय? कोल्हारच्या रस्त्यावर टर्बोच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. खरी संख्या आहे ती मोटारसायकलींची. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि दुचाक्यांतही इंधन इंजेक्टरने येऊ लागले. त्यापूर्वीच्या बहुसंख्य गाड्यांना अजून कार्बोरेटरच आहे. त्याला ना संवेदक, ना संगणक. जेटचे भोक कारखान्यात पाडले तेवढेच. शिवाय सरकारी आराखड्यातच दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवले आहेत. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या वीस टक्के इथेनॉल सोसतील अशा पदार्थांच्या असाव्यात, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेच वीस टक्क्यांसाठी जुळवलेली असावीत, असे त्यात ठरले होते. सोसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. सासरी सून नांदते यावरून ती सुखात आहे असे सिद्ध होत नाही. आपल्या गावातील बहुतेक वाहने मात्र या दोन्ही तारखांच्या आधीची आहेत.

माझ्या मामांचे गॅरेज आहे. सुट्टीत मी तेथे पाने-पकडी हातात द्यायला बसतो. मामा दहावीपर्यंत शिकलेले. पण त्यांचा कान पक्का. "भाच्या, गाडी बोलत असते, आपण ऐकायचं असतं," असे ते म्हणतात. इथेनॉलविषयी त्यांचे मत विचारले तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "मला कोणी सांगितलंय का, त्यात काय आणि किती आहे ते? सांगितलं असतं तर मी जेट बदललं असतं, नळ्या आधीच बदलल्या असत्या," एवढेच ते म्हणाले. या एका वाक्यात मला सबंध प्रश्न सामावलेला दिसतो. वीस टक्क्यांचा निर्णय दिल्लीत झाला, त्याचे अहवाल इंग्रजीत निघाले, त्याची चाचणी मोठमोठ्या संस्थांत झाली. परंतु ज्याने हाताने स्क्रू फिरवायचा त्याच्यापर्यंत मराठीत चार ओळींचा कागदही आला नाही.

किती आहे ते मोजणे तसे अवघड नाही. मापाच्या खुणा असलेली काचेची नळी घ्यावी, तीत शंभर मिलिलिटर पेट्रोल आणि वीस मिलिलिटर पाणी घालावे, बूच लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉलचे पेट्रोलपेक्षा पाण्याशी अधिक सख्य. ते पेट्रोलची सोबत सोडून खाली पाण्यात उतरते. खालचा थर वीसवरून चाळिसाच्या जवळ गेला, की पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास इथेनॉल आहे असे समजावे. हा प्रयोग उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावा हे सांगणे नलगे. मामांच्या गॅरेजवर आम्ही तो केला तेव्हा पाहायला दहा-बारा माणसे जमली. त्यांत दोघे ऊस घालणारे होते. खालच्या थराकडे पाहून त्यांतील एक आजोबा म्हणाले, "म्हंजे हे आपल्या वावरातलं व्हय!" इतकी वर्षे ऊस घालूनही आपला ऊस आपल्याच गाडीत जळतो, हे त्यांनी त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिले.

याच प्रयोगात एक धोकाही दिसतो. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर हेच टाकीच्या तळाशी घडते. गंज धरतो, गाडी चालू होत नाही, आणि दोष सगळा इथेनॉलच्या माथी मारला जातो. टाकीचे झाकण घट्ट ठेवणे, गाडी फार दिवस उभी न ठेवणे, नळ्या वेळेवर बदलणे, एवढ्या साध्या गोष्टींनी पुष्कळ नुकसान टळते.

येथे माझ्या मित्रांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. परदेशातील गाड्यांची चित्रे पाहून काही तरुणांच्या मनात येते की कोठून तरी स्पिरिट मिळवावे, टाकीत ओतावे आणि गाडी पळवावी. हे साहस करू नये. आसवनीत साध्या ऊर्ध्वपातनाने निघणाऱ्या स्पिरिटात चार-पाच टक्के पाणी राहतेच. इंधनात मिसळण्यासाठी ते पाणी निराळ्या क्रियेने काढून इथेनॉल साडेनव्याण्णव टक्क्यांहून शुद्ध करावे लागते. पाण्यासकट ओतले तर वर सांगितलेला काचेच्या नळीतला प्रयोग तुमच्या टाकीत होईल. शिवाय स्पिरिट बाळगण्यावर अबकारी निर्बंध आहेत, आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने बंधने घातली आहेत. जुळवणी ही विद्या आहे. ती हौसेने नव्हे, अभ्यासाने साधते.

कोणी म्हणेल, तीन-चार टक्क्यांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? त्यांना मी प्रवरेकडे बोट दाखवीन. नीती आयोगाच्याच अहवालात म्हटले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्या खोऱ्यात भंडारदऱ्याच्या एकेका आवर्तनासाठी शेतकरी कालव्यावर रात्र जागवतो, जेथे जायकवाडीला पाणी सोडण्याचा विषय निघाला की भाऊबंदकीसारखे वातावरण होते, तेथे हा आकडा कोणी हसण्यावारी नेऊ नये. आता धान्यापासूनही, विशेषतः मक्यापासून, पुष्कळ इथेनॉल होते हे खरे. परंतु आपल्या गावाचा वाटा उसाचाच. न जुळवलेल्या इंजिनात जे इथेनॉल फुकट जळते, त्याच्याबरोबर आपल्याच कालव्याचे पाणी धुराड्यातून निघून जाते. म्हणून जुळवणीचा प्रश्न हा हौशी मोटारवाल्यांचा नाही. तो पाटपाण्याचा प्रश्न आहे.

या बाबतीत ब्राझीलकडून शिकण्यासारखे आहे. तेलाच्या भाववाढीने पोळलेल्या त्या देशाने नोव्हेंबर १९७५ मध्ये अल्कोहोलची राष्ट्रीय योजना आखली. परंतु केवळ इंधन विकून ते थांबले नाहीत. १९७९ मध्ये खास अल्कोहोलसाठी घडवलेली फियाट १४७ बाजारात आली, आणि १९८५ च्या सुमारास तेथे विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. पुढे साखरेचे भाव चढले, अल्कोहोलचा तुटवडा झाला, पंपांपुढे रांगा लागल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत मिळवला २००३ साली आलेल्या फ्लेक्स गाड्यांनी. आज तेथला चालक पंपावर उभा राहून हिशेब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाही तर पेट्रोल. निवड त्याच्या हाती आहे, कारण गाडी दोन्हींसाठी जुळवलेली आहे. ब्राझीलने १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमधील प्रमाण तीस टक्क्यांवर नेले, ते पन्नास वर्षांच्या या पूर्वतयारीवर.

आपल्याकडे भावाचे काय? २०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने ठरवलेले खरेदीचे दर लिटरला असे होते: सी-हेवी मळीच्या इथेनॉलला ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीच्या ६० रुपये ७३ पैसे, उसाच्या रसाच्या ६५ रुपये ६१ पैसे, आणि मक्याच्या ७१ रुपये ८६ पैसे. कारखान्यांना हे पैसे लवकर मिळतात, साखरेसारखे गोदामात अडकून पडत नाहीत, आणि त्यातून उसाचे देणे भागते. ऊस उत्पादकाचा मुलगा म्हणून मी हे कृतज्ञतेने मान्य करतो. पण तोच मुलगा पंपावर गिऱ्हाईकही आहे. ज्या लिटरमध्ये उष्णता सात टक्के कमी, त्याचा भाव मात्र पूर्ण लिटरचा. दुधात पाणी आढळले तर संकलन केंद्रावर फॅट लावून भाव कापतात. मग इंधनाला फॅट का लावू नये?

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. भाव उष्णतेच्या प्रमाणात असावा, निदान त्याची चर्चा तरी व्हावी. जुन्या गाड्यांसाठी, त्यांचे आयुष्य संपेपर्यंत, दहा टक्क्यांचे पेट्रोल काही पंपांवर ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुळवणीची विद्या गॅरेजपर्यंत आणावी. पुण्यात वाहनांचे संशोधन करणारी एआरएआय ही संस्था आहे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर तालुक्यातालुक्यांत आहेत. कारखान्यांच्या हातात आसवन्या आहेत, आणि शेतकऱ्याला ऊस लावायला शिकवणारे कृषी अधिकारीही आहेत. मग त्याच उसाचे इंधन गाडीत कसे जाळावे हे शिकवणारा एखादा मेळावा गळीत हंगामाच्या आरंभी का होऊ नये? कोणत्या गाडीला कोणते जेट, कोणती नळी, किती टायमिंग, याचे वीस पानी मराठी पुस्तक निघाले तर मामांसारखे शेकडो कारागीर ते दुकानात टांगून ठेवतील आणि पाने फाटेपर्यंत वापरतील.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी या भागातील शेतकऱ्यांना सांगितले गेले होते की कारखाना चालवणे हे तुमचे काम नव्हे, तुम्ही फक्त ऊस पिकवा. त्यांनी ते ऐकले नाही. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला, आणि जगाने ते पाहिले. आज आपल्याला न बोलता सांगितले जात आहे की तुम्ही ऊस पिकवा, पेट्रोल विकत घ्या, आणि इंजिनाची काळजी करू नका. हेही आपण ऐकू नये. ज्याने बैल पाळला त्याला जू कोठे रुतते हे कळलेच पाहिजे. इथेनॉल आपले आहे. ते जाळण्याची विद्याही आपलीच असली पाहिजे.